आई-बाबांना पुन्हा विमानात बसवताना (नोव्हेंबर २०२२ ची परिस्थिती)

नातवाचा जन्म लॉकडाऊनमधला, आता तो घरभर पळतोय, चुरूचुरू बोलतोय, आणि आजी-आजोबांनी त्याला अजून फक्त व्हॉट्सॲपवर बघितलंय, अशी घरं आपल्या आजूबाजूला ढिगाने आहेत. पुण्यात तर जवळपास प्रत्येक सोसायटीत एखादं तरी सापडेल. जायची इच्छा भरपूर आहे, लेक तिकडून रोज विचारते, पण तिकिटाचा विषय निघाला की "बघू, अजून जरा थांबू" सुरू. आणि हे जरा थांबू दोन वर्षं चाललंय.

मी नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे व्हिसाचे फॉर्म भरून देते, तिकिटं बघून देते (हौस म्हणा, दुसरं काय), त्यामुळे तेच तेच प्रश्न कानावर येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. माझं मत आधीच सांगते. लोक घाबरतात विमानातल्या हवेला, आणि ती सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. खरी गोची होते कागदांची, रांगांची, आणि अडीच वर्षं घरात बसून आखडलेल्या गुडघ्यांची.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम काय आहेत

थोडी उजळणी. २३ मार्च २०२० ला आपल्याकडे नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली ती थेट २७ मार्च २०२२ ला परत सुरू झाली. मधल्या काळात वंदे भारत (रेल्वे नव्हे, अडकलेल्यांना परत आणणारी सरकारी विमानं) आणि नंतर ते एअर बबल, म्हणजे ठरावीक देशांशी ठरावीक विमानं. देशातली विमानं मात्र २५ मे २०२० लाच सुरू झाली होती, आठवतं ना, मधल्या सीटवाल्याला तो पांढरा गाऊन घालून बसवायचे, बिचारा ऑपरेशन थिएटरमधून पळून आल्यासारखा दिसायचा. बऱ्याच ज्येष्ठांच्या डोक्यात विमानप्रवासाचं चित्र अजून तेच आहे, बातम्यांत पाहिलेलं. त्यामुळे पहिलं काम हे की त्यांना नीट बसवून सांगा, ते सगळं गेलं.

१६ नोव्हेंबरपासून आपल्याकडे विमानात मास्कची सक्ती नाही, घाला असं सांगतात पण दंडाची भाषा गेली. २२ नोव्हेंबरपासून भारतात परत येताना भरायचा तो एअर सुविधाचा फॉर्म पण बंद. तो फॉर्म परदेशातल्या एअरपोर्टवर चेक-इनच्या रांगेत उभं राहून फोनवर भरताना लोकांना अक्षरशः रडताना बघितलंय, तर त्याचं श्राद्ध झालं हे चांगलंच झालं.

जाताना मात्र प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. अमेरिकेला टेस्ट लागत नाही, ती अट १२ जूनला गेली, पण परदेशी पाहुण्यांना लसीचे पूर्ण डोस अजून लागतातच. दोन डोस आणि दुसऱ्यानंतर १४ दिवस झालेले पाहिजेत, बूस्टरची सक्ती नाही. कोविशील्ड चालते, कोव्हॅक्सिनही चालते (तिला डब्ल्यूएचओची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली, त्याआधी कोव्हॅक्सिनवाल्यांचे जे हाल झाले ते आता नाहीत). इंग्लंडने १८ मार्चलाच सगळं काढून टाकलं. कॅनडाने १ ऑक्टोबरला. ऑस्ट्रेलियाला ६ जुलैपासून लसीचा पुरावा लागत नाही. जपानला तीन डोस नाहीतर ७२ तासांतली टेस्ट. चीनला अजूनही उतरल्यावर क्वारंटाइन आहे. आणि हे सगळं पुढच्या महिन्यात बदलू शकतं, म्हणून तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आठवडाभर आधी एकदा, असं दोनदा त्या देशाच्या सरकारी साइटवर आणि एअरलाइनच्या साइटवर बघा. फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड हा नियम नसतो. तो बऱ्याचदा २०२१ चा असतो.

कागद

सगळ्यात आधी पासपोर्ट कपाटातून काढा आणि शेवटची तारीख बघा. २०१० ते २०१२ मध्ये पहिल्यांदा अमेरिकेला गेलेली जी पिढी आहे त्यांचे पासपोर्ट या अडीच वर्षांत गुपचूप संपलेत. आणि नुसता चालू असून भागत नाही, बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात. नूतनीकरणाला साधी फी ३६ पानांसाठी १५०० रुपये, तत्काळला वर २०००. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतोय कारण सगळं गाव एकदमच जागं झालंय. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा चालू असेल तर तो पासपोर्ट फेकू नका आणि व्हिसाच्या पानाला हात लावू नका, नवा-जुना दोन्ही घेऊन प्रवास करता येतो.

व्हिसाच संपला असेल तर मात्र आत्ताच्या आत्ता कामाला लागा. मुंबईत पहिल्यांदा व्हिझिटर व्हिसा मागणाऱ्याला मुलाखतीची तारीख हजार दिवसांच्या घरात दाखवतंय, हो, दिवसच. पण घाबरून सोडून देऊ नका, कारण आधीचा बी१/बी२ (म्हणजे व्हिझिटर) व्हिसा संपून ४८ महिने झाले नसतील तर मुलाखत न देता ड्रॉपबॉक्सने, म्हणजे नुसते कागद जमा करून, नूतनीकरण होऊ शकतं, आणि आपल्या आई-बाबांपैकी बरेच जण यात बसतात फक्त त्यांना माहीत नसतं. म्हणून व्हिसाची संपलेली तारीख आजच बघून घ्या, ४८ महिन्यांच्या आत आहात आणि दोन महिन्यांत बाहेर पडणार असाल तर उशीर महागात पडेल.

दुबईवाल्यांसाठी ताजी भानगड. पासपोर्टवर नुसतं एकच नाव असेल, आडनावाची जागा रिकामी, तर २१ नोव्हेंबरपासून यूएई व्हिझिट व्हिसावर येऊ देत नाहीये. जुन्या काळातल्या आज्यांच्या पासपोर्टवर असं सापडतं, नुसतं "लक्ष्मीबाई" आणि संपलं. आधी तपासा.

आता लसीचं सर्टिफिकेट. को-विनवर लॉगिन करून "रेज ॲन इश्यू" मध्ये जा, तिथे पासपोर्ट नंबर जोडायची सोय आहे, तो जोडा आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाचं सर्टिफिकेट वेगळं डाउनलोड करा. साध्या सर्टिफिकेटवर नुसतं वय असतं, या दुसऱ्यावर पूर्ण जन्मतारीख येते, परदेशात तीच बघतात. आणि नाव! लस घ्यायला गेले तेव्हा आधार दाखवलं, तिथे नाव "सुनंदा जोशी", पासपोर्टवर "सुनंदा वसंत जोशी". साधारणपणे एवढ्याने कुणी अडवत नाही, पण काउंटरवरचा पोरगा नवीन असेल तर पंधरा मिनिटं खातो आणि आईचा बीपी वाढतो तो वेगळाच. दुरुस्तीची सोय तिथेच आहे, पण सारखी सारखी मिळत नाही, तेव्हा पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर बघत भरा. मग दोन रंगीत प्रिंट, एक हँडबॅगेत, एक दुसऱ्याच्या हँडबॅगेत. फोनमध्ये आहे हो, असं म्हणणाऱ्यांचा फोन बरोबर त्याच वेळी पाच टक्क्यांवर असतो.

अमेरिकेला जाताना लस घेतल्याचं एक डिक्लरेशनही भरून द्यावं लागतं, एअरलाइन देते किंवा ऑनलाइन भरून घेते, ते घरूनच भरून टाका.

तिकीट : स्वस्तातलं नको

या वर्षी तिकिटं महाग आहेत हे खरंय, आणि म्हणून मुलं शोधून शोधून दोन स्टॉपचं, नऊ तासांच्या हॉल्टचं तिकीट काढतात. सत्तरीच्या माणसांसाठी हे करू नका. थेट मिळालं तर थेट. मुंबई-न्यूअर्क आहे, मुंबई-सॅन फ्रान्सिस्को १५ डिसेंबरपासून सुरू होतंय. थेट नसेल तर एकच स्टॉप, तीन-चार तासांचा. दीड तासाचा नको, तेवढ्यात व्हीलचेअर यायलाच वेळ जातो. दिल्लीमार्गे जाणार असाल तर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर धुकं असतं हे धरून चाला. दोहामार्गे असेल तर १८ डिसेंबरपर्यंत तिथे फुटबॉल वर्ल्डकपची जत्रा आहे.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर ठेवा. पुणे-दिल्ली वेगळं आणि पुढचं वेगळं असं काढलं की पहिलं विमान लेट झाल्यावर दुसरी एअरलाइन हात वर करते, बॅगाही मध्ये उतरवून परत टाकायच्या. आणि तारीख बदलता येईल असंच भाडं घ्या, दोन-तीन हजार जास्त गेले तरी. निघायच्या चार दिवस आधी ताप आला तर काय, ही जी मुख्य धास्ती आहे ना सगळ्यांना, तिला हेच उत्तर आहे. एकदा कळलं की तारीख पुढे ढकलता येते, मग माणसं खोकला लपवून प्रवास करत नाहीत.

कधी जायचं हा प्रश्न असेल तर माझं मत मार्चनंतर. ख्रिसमसला भाडी डोक्यावर, तिकडे थंडी, फ्लूचा सीझन, आणि उतरल्या उतरल्या आजी-आजोबा घरात कोंडलेले. एप्रिलमध्ये गेलात तर बाबा निदान संध्याकाळी फिरायला तरी बाहेर पडतील. बूस्टर राहिला असेल तर तो आणि फ्लूची लस, दोन्ही डॉक्टरांना विचारून निघायच्या दोन आठवडे तरी आधी घेऊन ठेवा.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात: कोविड धरलाय का आणि आधीपासूनचे आजार, म्हणजे बीपी, शुगर, बायपास, धरलेत का, एवढे दोन प्रश्न एजंटला लेखी विचारा. तोंडी "सगळं कव्हर आहे सर" याला काही अर्थ नसतो.

हवा आणि मास्क

आता ती हवेची भीती. मोठ्या विमानांत हेपा फिल्टर असतात, ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारे. केबिनमधली हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते, म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी, आणि त्यातली साधारण निम्मी बाहेरून घेतलेली ताजी असते. शिवाय ती वरून खाली येते आणि पायाशी शोषली जाते, पुढून मागे अख्ख्या विमानात फिरत नाही. आपल्या लग्नाच्या एसी हॉलपेक्षा हे कितीतरी बरं, आणि लग्नांना तर सगळे जाऊन आले, जेवून आले, फोटो काढून आले.

म्हणजे धोका शून्य का, तर नाही. शेजारचाच खोकत असेल तर फिल्टर मध्ये येऊन उभा राहत नाही. आणि विमान गेटवर उभं असतं, लोक बॅगा वर टाकत एकमेकांच्या अंगावरून जात असतात, तेव्हा हवेची यंत्रणा पूर्ण जोरात चालू असेलच असं नाही. म्हणून मास्क कुठे घालायचा तर सिक्युरिटीच्या रांगेत, बोर्डिंगला, एरोब्रिजमध्ये, बसमध्ये, आणि उतरताना जेव्हा सगळे उगाचच उठून उभे राहतात तेव्हा. चौदा-पंधरा तास एन-९५ लावून झोपायला जमत नसेल तर वर गेल्यावर जरा सैल पडलं तरी चालेल, पण या जागी नको. कापडी मास्क आता कपाटातच राहू द्या. डोक्यावरचा तो छोटा पंखा, म्हणजे हवेची नळी असेल तर चालू ठेवा, हवा तोंडासमोरून खाली जाईल अशी. शेजारचा जेवत असताना आपण मास्क ठेवायचा, त्याचं झालं की आपण जेवायचं, ट्रॉलीवाल्या मुली थांबतात पाच मिनिटं, सांगितलं की.

उतरल्यावर घाई करू नका. मागच्या माणसांना जाऊ द्या, बसून राहा, व्हीलचेअर सांगितली असेल तर तसंही शेवटीच उतरायचंय.

गुडघे, पाय, व्हीलचेअर

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. २०१९ मध्ये तळजाईला रोज चढून जाणारी माणसं आता दोन मजले उतरताना कठडा धरतायत. मुंबई एअरपोर्टच्या टर्मिनल २ ला गेटपर्यंत चालणं म्हणजे छोटी परिक्रमाच आहे. तेव्हा निघायच्या दोन महिने आधीपासून रोज चालणं वाढवा, आणि शक्य असेल तर आधी एखादा छोटा विमानप्रवास करून घ्या, पुणे-नागपूर, मुंबई-गोवा, काहीही. तासाभराचा. सिक्युरिटीत ट्रे ढकलायची, बूट काढायची, बोर्डिंग पास शोधायची सवय परत येते, आणि मनातली भीती उतरते ती कुठल्याही आकडेवारीने उतरत नाही.

व्हीलचेअरवरून प्रत्येक घरात भांडण होतं. "मी काय आजारी आहे का?" असं बाबा म्हणणारच. त्यांना सांगा की ही चालता येत नाही म्हणून नाही, रांगेत दीड तास उभं राहावं लागू नये म्हणून आहे, आणि फ्रँकफर्टला गेट बदललं तर कुणीतरी हात धरून नेणारं असावं म्हणून आहे. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी "फक्त तुझ्या काकूसाठी घे" म्हणून एकच घ्यायला लावली आणि मग मोठ्या एअरपोर्टवर काकू पुढे बग्गीत आणि काका मागून धापा टाकत. दोघांसाठी घ्या. तिकीट काढतानाच सांगा, निदान ४८ तास आधी, आणि पासपोर्ट कुणाच्याही हातात राहू देऊ नका, दाखवायचा आणि परत घ्यायचा. गळ्यात अडकवायची पिशवी मिळते, ती सगळ्यात उत्तम.

चार तासांवरच्या कुठल्याही प्रवासात पायात गुठळी व्हायची शक्यता वाढते, सत्तरीत, लठ्ठपणात, नुकतं ऑपरेशन झालेलं असेल तर आणखी. कडेची सीट घ्या म्हणजे उठायला कुणाला सांगायला नको, जागच्या जागी घोटे फिरवत राहा, दर दीड-दोन तासांनी टॉयलेटपर्यंत चक्कर. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणीच न पिणं हा आपल्या बायकांचा जुना उद्योग इथे नको. घट्ट मोजे घालायचे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तर काय, हे डॉक्टरांना विचारा. अलीकडे हार्ट अटॅक आला असेल, घरी ऑक्सिजन लागत असेल, तर डॉक्टरांच्या फिट-टू-फ्लाय (प्रवासाला हरकत नाही अशा) सर्टिफिकेटशिवाय तिकीटच काढू नका.

गोळ्या सगळ्या हँडबॅगेत, पाकिटासकट, मूळ स्ट्रिपमध्ये. त्या सोमवार-मंगळवारच्या डब्यात ओतून नेऊ नका. डॉक्टरांकडून औषधांची जेनेरिक नावं लिहिलेली चिठ्ठी. आणि या उन्हाळ्यात युरोपच्या एअरपोर्टवर बॅगांचे जे डोंगर साचले होते, लंडनच्या हीथ्रोने तर तिथून निघणाऱ्या प्रवाशांवर दिवसाला एक लाखाची मर्यादाच घातली होती, ते बघता एक दिवसाचे कपडेही हातातल्या बॅगेत असू द्या.

बॅग

मसाल्यांची बॅग भरताना एक नवीन गोष्ट. सुकं खोबरं आता चेक-इन बॅगेत चालत नाही, या मार्चपासून बंदी यादीत आलंय, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून. बऱ्याच जणांना पत्ताच नाहीये. एका काकूंची बॅग माझ्यासमोर उघडायला लावली होती, साड्यांच्या घडीत गुंडाळलेल्या चार वाट्या, मागे रांग खोळंबलेली, आणि काकू त्या माणसाला समजावतायत की अहो, गोड्या मसाल्याला लागतं. मसाला घरूनच करून न्या, वाट्या नकोत. दुबईला, सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखस नेऊ नका, अगदी अनारशांवर लावलेली सुद्धा, तिथे ती अमली पदार्थात धरतात, हा चेष्टेचा विषय नाही. अमेरिकेला ताजा कढीपत्ता, फळं, बिया नकोत. बाकी जे काही खायचं नेताय ते फॉर्मवर किंवा विचारल्यावर खरं सांगा, "फूड आहे" म्हटल्याने कुणी दंड करत नाही, लपवल्याने करतात. लोणचं हँडबॅगेत अजिबात नाही. पॉवर बँक मात्र उलट, ती हँडबॅगेतच.

उतरल्यावर

अमेरिकेत इमिग्रेशनचा अधिकारी विचारेल कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार. उत्तर तीन वाक्यांत: मुलीकडे आलोय, नातवाला भेटायला, चार महिन्यांनी परत, हे तिकीट. "बेबीसिटिंगला आलोय, मुलगी कामावर जाते ना" असं कौतुकाने सांगायला जाऊ नका, आपल्याकडे ते प्रेम आहे पण त्यांच्या कानाला ते काम ऐकू येतं, आणि व्हिझिटर व्हिसावर काम चालत नाही. उत्तर विमानात बसायच्या आधी घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून घ्या. पत्ता आणि मुलीचा फोन नंबर कागदावर लिहिलेला पाहिजे, फोनवर नाही.

घरी पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस तान्हं बाळ किंवा कुणी आजारी माणूस घरात असेल तर जरा जपून. कडेवर घेऊ नका असं नाही म्हणत, ते कोण ऐकणार आहे, पण घसा खवखवला, अंग दुखलं तर जेटलॅग आहे म्हणून सोडून देऊ नका. लेकीला आधीच घरी करायच्या टेस्टचे दोन-तीन किट आणून ठेवायला सांगा, आणि पॉझिटिव्ह आलात तर इन्शुरन्सच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन, हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर नाही. तो नंबर पासपोर्टच्या कव्हरमध्ये चिकटवून ठेवा.